घरच्या संगणकावर एन-एट-एन: इन्स्टॉल करण्यापासून मागे न बघता चालेपर्यंत

रोज तीच मेल उघडायची, तिला जोडलेली फाइल उतरवायची, नाव बदलून ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायची आणि स्प्रेडशीटमध्ये एक ओळ भरायची. असल्या कामांसाठी वर्कफ्लो ऑटोमेशनची सॉफ्टवेअरं आहेत. पडद्यावर चौकोन मांडायचे, रेघांनी जोडायचे, की एका सेवेतली माहिती दुसऱ्या सेवेत आपोआप जाते. यातली बरीचशी क्लाउडवर महिन्याच्या भाड्याने मिळतात. आपल्याच संगणकावर चालवायचं असेल तर एन-एट-एन आणि नोड-रेड ही दोन नावं हमखास पुढे येतात. नोड-रेड २०१३ साली आयबीएममध्ये सुरू झालं आणि सेन्सर, दिवे, पंप अशा उपकरणांच्या कामात ते आजही सरस आहे. मेल, स्प्रेडशीट, चॅट आणि एआयची कामं असतील तर मी एन-एट-एन सुचवेन. पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

परवान्याबद्दल एक खुलासा आधीच. एन-एट-एन काटेकोर अर्थाने ओपन सोर्स नाही. कोड कोणालाही वाचता येतो, स्वतःच्या किंवा आपल्या कंपनीच्या अंतर्गत कामाला फुकट वापरता येतो, पण तेच दुसऱ्यांना सेवा म्हणून विकायला परवानगी नाही. घरी वापरणाऱ्याला याने काही फरक पडत नाही.

इन्स्टॉल करायला अर्धा तास पुरतो. खरं काम पुढे असतं: तुम्ही समोर नसताना, संगणक रात्री रीस्टार्ट झाल्यावर, सॉफ्टवेअर अपडेट केल्यावरही सगळं जागेवर राहिलं पाहिजे. नवखे लोक अडकतात ते तिथे, म्हणून इन्स्टॉलेशन मी भरभर उरकणार आहे आणि पुढच्या भागात रेंगाळणार आहे.

संगणक कसा हवा

एन-एट-एन स्वतः हलकं आहे, काही न करता बसलं असेल तर काहीशे एमबी मेमरीत भागवतं. पण विंडोज किंवा मॅकवर ते डॉकर डेस्कटॉपमधून (त्याची ओळख पुढच्या भागात) चालवायचं म्हणजे मागे एक छोटं लिनक्सही चालतं. त्यामुळे ८ जीबी रॅमखाली जाऊ नका. डिस्क एसएसडी असावी. ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. ते लागतं एआय मॉडेलही घरीच चालवायचं असेल तेव्हा.

कपाटात पडलेला जुना लॅपटॉप या कामाला नव्या डेस्कटॉपपेक्षा बरा. त्याची बॅटरी थोडीफार टिकत असेल तर वीज गेल्यावर पाच-दहा मिनिटं तरी निघतात. रास्पबेरी पायही चालतो, फक्त त्यावर ६४ बिटची ऑपरेटिंग सिस्टिम हवी.

डॉकर डेस्कटॉप

एन-एट-एन थेट नोड-जेएसवरही (जावास्क्रिप्टमधले प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकता येतं. त्या वाटेला जाऊ नका. नोडची आवृत्ती जुळली नाही की तिथेच संध्याकाळ जाते. डॉकरमध्ये सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं एकाच बंद पेटीत येतं. त्या पेटीच्या साच्याला इमेज म्हणतात आणि साच्यावरून चालू केलेल्या प्रतीला कंटेनर.

विंडोजवर आधी एक तपासणी करा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि 'व्हर्च्युअलायझेशन' समोर 'एनेबल्ड' आहे का पाहा. 'डिसेबल्ड' असेल तर संगणक सुरू होतानाच बायॉसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून ते चालू करावं लागतं. इंटेलच्या मशीनवर त्याचं नाव व्हीटी-एक्स किंवा इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी असतं, एएमडीवर एसव्हीएम. हे न करता डॉकर टाकलं तर तो सुरूच होत नाही, आणि जो एरर येतो त्यावरून कारण पटकन कळत नाही.

मग डॉकर डेस्कटॉप अधिकृत साइटवरून उतरवा आणि इन्स्टॉल करताना डब्ल्यूएसएल २ चा (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) पर्याय तसाच ठेवा. वैयक्तिक वापराला आणि छोट्या व्यवसायांना तो फुकट आहे. काही दिवसांनी टास्क मॅनेजरमध्ये 'व्हीएममेम' नावाचं काहीतरी मेमरी खाताना दिसलं तर घाबरू नका, ते हेच मागचं लिनक्स. सहसा ते संगणकाच्या निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं. ही मर्यादा कमी करायची सोय डब्ल्यूएसएलच्या सेटिंगमध्ये आहे.

कंटेनर तयार करताना

डॉकर डेस्कटॉपच्या वरच्या शोधपट्टीत एन-एट-एन शोधा. इंग्रजीत एन, आठचा आकडा, एन, सलग. अनेक नावं येतील. घ्यायची ती एन-एट-एन-आयओ या खात्याखालची, तीच अधिकृत. टॅगच्या जागी 'लेटेस्ट' दिसेल. सुरुवातीला चालेल, पण पुढे ठरावीक आवृत्तीचा आकडा लिहिण्याची सवय लावा, का ते अपडेटच्या भागात येईल.

'पुल' करून इमेज उतरली की 'रन' दाबा. छोटी खिडकी उघडते आणि तिच्यात 'ऑप्शनल सेटिंग्ज' असं लिहिलेलं असतं. ऑप्शनल हे नावापुरतंच. नुसतं 'रन' दाबून पुढे गेलेल्यांचाच डेटा पुढे गायब होतो. चार गोष्टी भरा.

नाव: काहीही साधं, इंग्रजीत. पोर्ट, म्हणजे आत शिरायच्या दाराचा क्रमांक: कंटेनरच्या ५६७८ समोर तुमच्या संगणकाचं पोर्टही ५६७८ लिहा. तो आकडा आधीच दुसऱ्या कशाने अडवला असेल तर ५६७९ घ्या.

तिसरी गोष्ट व्हॉल्यूम, आणि इथे थांबून वाचा. कंटेनर ही धर्मशाळेतली खोली समजा. अपडेट करताना जुनी सोडून नवी घ्यायची, म्हणून सामान खोलीत ठेवायचं नाही. तुमचे वर्कफ्लो, पासवर्ड, खाती हे सगळं सामान ज्या बाहेरच्या जागेत राहतं ती जागा म्हणजे व्हॉल्यूम. 'होस्ट पाथ'च्या चौकटीत व्हॉल्यूमचं एखादं नाव लिहा, म्हणजे डॉकर तो स्वतः तयार करतो. 'कंटेनर पाथ'च्या चौकटीत मार्ग द्यायचा: स्लॅश, होम, स्लॅश, नोड, स्लॅश, मग टिंब आणि लगेच एन-एट-एन. हे टिंब विसरलात तरी एरर येत नाही. सगळं झकास चालल्यासारखं दिसतं, कारण एन-एट-एन टिंबवाल्या फोल्डरमध्ये लिहीत राहतं आणि तुमचा व्हॉल्यूम शेजारच्या रिकाम्या फोल्डरला जोडलेला असतो. पहिल्या अपडेटला सगळं साफ.

व्हॉल्यूमऐवजी डेस्कटॉपवरचा एखादा फोल्डर जोडावा असं वाटू शकतं, फाइली डोळ्यांना दिसतात म्हणून. विंडोजवर ते टाळा, डेटाबेसची फाइल त्या मार्गाने हळू चालते आणि कधी कधी लॉक होऊन बसते. लिनक्सवर फोल्डर जोडला तर परवानग्यांचा घोळ होतो, कारण कंटेनरच्या आत सगळं 'नोड' नावाच्या, १००० क्रमांकाच्या वापरकर्त्याच्या नावाने चालतं.

चौथी गोष्ट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे कंटेनरला सुरू होताना बाहेरून दिलेली सेटिंग. दोनच भरा: 'जेनेरिक टाइमझोन' आणि 'टीझेड'. दोन्ही नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आणि पहिल्याच्या दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर. दोन्हींसमोर आपला टाइमझोन खंड, स्लॅश, शहर अशा रूपात लिहा. हे सोडलं तर एन-एट-एन न्यूयॉर्कचं घड्याळ धरून बसतं आणि सकाळी आठला लावलेलं काम भलत्याच वेळी चालतं.

'रन' दाबा. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ५६७८ टाइप केलं की खातं तयार करण्याचं पान येतं. हे खातं तुमच्याच संगणकावर राहतं. पासवर्ड मात्र जपून ठेवा; मेल पाठवण्याची व्यवस्था तुम्ही अजून लावलेली नाही, म्हणजे 'पासवर्ड विसरलो' दाबून मेल येणार नाही.

काहीही बांधण्याआधी पाडून बघा

आत गेल्यावर एक रिकामा वर्कफ्लो तयार करून जतन करा. आता डॉकर डेस्कटॉपमध्ये जाऊन कंटेनर थांबवा आणि चक्क डिलीट करा. व्हॉल्यूमला हात लावायचा नाही. मग त्याच इमेजवरून, तोच व्हॉल्यूम आणि तोच मार्ग देऊन नवा कंटेनर चालू करा. ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान आलं आणि आत तो वर्कफ्लो दिसला, तर पाया पक्का. पुन्हा नवं खातं तयार करायला सांगितलं, तर व्हॉल्यूमचा मार्ग चुकलाय. आज यात पाच मिनिटं जातात. वीस वर्कफ्लो बांधून झाल्यावर हे कळलं तर काय होईल ते सांगायला नको.

लगेच दुसरं काम. डॉकर डेस्कटॉपच्या 'व्हॉल्यूम्स'मध्ये तुमचा व्हॉल्यूम उघडा. आत साठवलेल्या फाइली दिसतात. एक एसक्यूलाइट डेटाबेस, आणि 'कॉन्फिग' नावाची इवलीशी फाइल. तिच्यात पहिल्यांदा सुरू होताना आपोआप बनलेली एन्क्रिप्शन की असते. तुम्ही पुढे जेवढे टोकन (सेवेने दिलेल्या पासवर्डसारख्या चाव्या) आणि पासवर्ड भराल ते सगळे याच किल्लीने कुलूपबंद होऊन डेटाबेसमध्ये जातात. डेटाबेस वाचला आणि किल्ली हरवली, तर वर्कफ्लो परत मिळतात, पण त्यातलं प्रत्येक क्रेडेन्शियल नव्याने भरावं लागतं. ती किल्ली आजच पासवर्ड मॅनेजरमध्ये उतरवून ठेवा.

पहिला वर्कफ्लो

सोपा पण खराखुरा घेऊ: एखाद्या बातम्यांच्या साइटची आरएसएस फीड (नव्या बातम्यांची आपोआप ताजी होणारी यादी) रोज सकाळी वाचायची आणि मथळे टेलिग्रामवर पाठवायचे. टेलिग्राममध्ये 'बॉटफादर'ला मेसेज करून नवा बॉट घ्या, तो एक टोकन देतो. मग आपल्या बॉटच्या चॅटमध्ये जाऊन 'स्टार्ट' दाबा. तुम्ही आधी बोलल्याशिवाय बॉट तुम्हाला मेसेज पाठवू शकत नाही, हा टेलिग्रामचा नियम आहे.

एन-एट-एनमध्ये आधी 'शेड्यूल ट्रिगर', त्यापुढे 'आरएसएस रीड', शेवटी टेलिग्रामचा मेसेज पाठवणारा नोड. पडद्यावरच्या प्रत्येक चौकोनाला इथे नोड म्हणतात. टेलिग्रामच्या नोडमध्ये टोकन आणि तुमचा चॅट आयडी (त्या चॅटचा टेलिग्राममधला क्रमांक) द्या. 'एक्झिक्यूट वर्कफ्लो' दाबलं की फोन टिणटिणायला लागतो आणि थांबतच नाही. फीडमध्ये वीस बातम्या असतील तर वीस मेसेज. कारण एन-एट-एनमध्ये मागच्या नोडकडून जितके आयटम येतात, पुढचा नोड सहसा तितक्या वेळा काम करतो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा एन-एट-एन कळला. मधे 'लिमिट' नोड टाकून पाचावर आणा, किंवा 'ॲग्रीगेट'ने सगळे मथळे एका मेसेजात गोळा करा. कालच्याच बातम्या आज परत येऊ नयेत म्हणून 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' आहे. त्यात मागच्या वेळी पाहिलेले आयटम वगळण्याचा पर्याय निवडायचा.

हाताने चालवून बघणं वेगळं आणि वेळापत्रकाने चालणं वेगळं. त्यासाठी वर्कफ्लो पब्लिश करावा लागतो. जुन्या आवृत्त्यांत तिथे 'ॲक्टिव्ह' असं बटण होतं. ते राहिलं तर सकाळी काहीच येत नाही.

संगणक जागा ठेवणं

झोपलेल्या संगणकावर काहीही चालत नाही, आणि चुकलेली वेळ एन-एट-एन नंतर भरून काढत नाही. सकाळी आठचं काम साडेआठला लॅपटॉप उघडला म्हणून चालणार नाही, थेट उद्या आठला.

विंडोजमध्ये पॉवरच्या सेटिंगमध्ये चार्जर लावलेला असताना स्लीप 'नेव्हर' करा. लॅपटॉप असेल तर झाकण बंद केल्यावर काय व्हावं ते कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये वेगळं असतं, तिथे 'डू नथिंग'. मॅकवर पडदा बंद असताना आपोआप झोपू नये असा पर्याय आहे.

कंटेनर आपोआप उठावा म्हणून टर्मिनलमध्ये एकच आज्ञा द्यायची: डॉकर, अपडेट, मग दोन डॅश लावून रीस्टार्ट, बरोबरचं चिन्ह, अनलेस-स्टॉप्ड, आणि शेवटी कंटेनरचं नाव. शब्दांमध्ये एकेक जागा सोडायची, पण डॅश, रीस्टार्ट आणि अनलेस-स्टॉप्ड यांमध्ये नाही. सगळं इंग्रजी लहान अक्षरांत. आता डॉकर सुरू झाला की कंटेनरही सुरू होतो, तुम्ही स्वतः थांबवला असेल तेव्हाचा अपवाद सोडून.

पण विंडोजवर एक फट राहतेच. डॉकर डेस्कटॉप आपोआप सुरू होतो तो तुम्ही साइन-इन केल्यावर (तेही त्याच्या सेटिंगमध्ये तसा पर्याय चालू असेल तर), संगणक चालू झाल्यावर नव्हे. म्हणजे रात्री तीनला विंडोज अपडेट झालं, संगणक रीस्टार्ट झाला आणि पासवर्डच्या पडद्यावर थांबला, तर बाहेरून सगळं चालू दिसतं, दिवाही लागलेला असतो, आणि आत एन-एट-एनचा पत्ता नसतो. 'ॲक्टिव्ह अवर्स' वाढवून थोडा दिलासा मिळतो, पण विंडोज ते १८ तासांच्या पुढे जाऊ देत नाही. आपोआप साइन-इन लावता येतं. तसं केलं तर तो संगणक कोणीही उघडू शकेल हे धरून चाला.

म्हणून ज्याला हे गंभीरपणे वापरायचंय त्याने त्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकावं असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे डॉकर इंजिन सिस्टिमची सेवा म्हणून चालतं, कोणी साइन-इन करो वा न करो. बायॉसमध्ये 'वीज आल्यावर चालू हो' हा पर्याय असेल तर तोही लावा. वायफायऐवजी केबल असेल तर उत्तमच.

लोकलहोस्टचा गोंधळ

याच संगणकावर ओलामा टाकून एआय मॉडेल चालवत असाल, तर ते ११४३४ पोर्टवर असतं. साहजिकच एन-एट-एनमध्ये पत्ता म्हणून लोकलहोस्ट आणि ११४३४ लिहिता आणि कनेक्शन नाकारलं जातं. कंटेनरच्या आतून लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच, तुमचा संगणक नव्हे. त्या जागी 'होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल' लिहा. डॉकर डेस्कटॉपमध्ये हे आयतं चालतं, लिनक्सवर कंटेनर बनवताना वेगळी ओळ द्यावी लागते.

घरातल्या दुसऱ्या संगणकावरून आयपी पत्ता टाकून एन-एट-एन उघडायला गेलात तर सुरक्षित कुकीबद्दल तक्रार येते, कारण मार्ग साध्या एचटीटीपीचा असतो. ती तपासणी बंद करण्याचं व्हेरिएबल त्याच पानावर सुचवलेलं असतं. घरच्या नेटवर्कपुरतं ठीक, त्यापलीकडे नाही.

आणि जीमेल किंवा गूगल शीट्स जोडणाऱ्यांसाठी: गूगलच्या कन्सोलमध्ये बनवलेलं ॲप 'टेस्टिंग' अवस्थेत ठेवलं तर दिलेली परवानगी सात दिवसांत संपते. बरोबर आठवड्याने सगळं बंद पडलं तर एन-एट-एनला दोष देऊ नका, तिथली अवस्था बदला.

बाहेरून आत येणारी कामं

टेलिग्रामवर मेसेज पाठवणं घरच्या संगणकावरून बिनबोभाट चालतं. पण तुम्ही बॉटला काही लिहिलं की वर्कफ्लो सुरू व्हावा, म्हणजे 'टेलिग्राम ट्रिगर', हे चालणार नाही. पहिल्यात तुमचा संगणक बाहेर जाऊन काम करून येतो. दुसऱ्यात टेलिग्रामला तुमच्या दारापर्यंत यावं लागतं, तेही एचटीटीपीएसवरून, आणि लोकलहोस्ट हा पत्ता बाहेर कोणाला माहीतच नसतो. सगळ्या वेबहुकची, म्हणजे काही घडलं की बाहेरच्या सेवेने तुमच्या पत्त्यावर येऊन कळवायच्या पद्धतीची, हीच कथा.

यावर राउटरमध्ये ५६७८ पोर्ट उघडणं हा उपाय करू नका. तुमच्या सगळ्या खात्यांच्या चाव्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत ते इंटरनेटवर उघडं पडेल. राउटर न उघडता बाहेरचा पत्ता देणारी क्लाउडफ्लेअर टनेलसारखी सोय वापरा, आणि मिळालेला पत्ता 'वेबहुक यूआरएल' या व्हेरिएबलमध्ये भरा, नाहीतर एन-एट-एन सगळ्यांना लोकलहोस्टचाच पत्ता वाटत बसेल. फक्त स्वतःला बाहेरून आत यायचं असेल तर टेलस्केल (आपली उपकरणं खाजगी नेटवर्कने जोडणारं सॉफ्टवेअर) पुरे. पहिले दोन-चार आठवडे मात्र वेळापत्रकाने चालणारीच कामं करा. बरीच वेबहुकची कामं दर पाच मिनिटांनी जाऊन बघण्यानेही भागतात.

अपडेट आणि बॅकअप

एन-एट-एनची नवी आवृत्ती बहुतेक दर आठवड्याला येते. प्रत्येक घ्यायची गरज नाही. महिन्यातून एकदा, बदलांची यादी वाचून, कंटेनर थांबवा, डॉकर डेस्कटॉपमधून व्हॉल्यूम एक्सपोर्ट करा, मग नवी इमेज आणून जुना कंटेनर काढून तोच व्हॉल्यूम जोडा. चालू कंटेनरच्या डेटाबेसची प्रत घेऊ नका, अर्धवट लिहिलेली हाती लागू शकते. आवृत्तीचा आकडा लिहून ठेवला असेल तर बिघडल्यावर कुठे परतायचं ते कळतं. परतताना तो एक्सपोर्टही लागेल, कारण नवी आवृत्ती डेटाबेसची रचना बदलते आणि जुनीला ती वाचता येईलच असं नाही. नव्या कंटेनरला रीस्टार्टची ती आज्ञा पुन्हा द्यायला विसरू नका.

काही अडलं तर आधी एन-एट-एनचा 'एक्झिक्यूशन्स' टॅब बघा, कोणत्या नोडवर काय आलं ते तिथे दिसतं. ही नोंद सहसा १४ दिवसांची राहते. एन-एट-एनच उघडत नसेल तर डॉकर डेस्कटॉपमध्ये कंटेनरचा लॉग. शिवाय 'एरर ट्रिगर'ने सुरू होणारा एक छोटा वर्कफ्लो करून बाकीच्यांच्या सेटिंगमध्ये तो लावून द्या, म्हणजे काही फसलं की टेलिग्रामवर कळेल. तो हाताने चालवलेल्या वर्कफ्लोला लागू होत नाही, त्यामुळे तपासायचा तर वेळापत्रकावर मुद्दाम फसणारं काहीतरी लावा. संगणकच बंद पडला तर अर्थात हाही गप्प राहील. त्यासाठी रोज ठरल्या वेळी 'चालू आहे' एवढाच मेसेज पाठवणारा वर्कफ्लो ठेवा आणि तो आला नाही की मशीनकडे जाऊन बघा.